स्वप्नातली बायको

गंगापूर रोडच्या एका हॉस्पिटलात वडिलांपाशी होतो, तेव्हा नातेवाइकांच्या हॉलमध्ये आम्ही असे घोरायचो की गोदावरीनं उलटं त्र्यंबकला पळावं. शेजारच्या चटईवरचे काका मात्र जागे झाले तरी डोळे मिटून पडून राहायचे. हललं की स्वप्न सांडतं म्हणे. अर्धांगाच्या झटक्यात त्यांच्या बायकोची वाचा गेली होती. ती आता फक्त स्वप्नात बोलायची.

"पण स्वप्न आहे हे कळतं कसं?" मी विचारलं.

"रोज उठल्यावर तळहात बघायची सवय. स्वप्नातही बघतो. बोटं वेडीवाकडी दिसली की ओळखतो. मग तिला म्हणतो, सावकाश बोल, मला लक्षात ठेवायचंय."

एका सकाळी चहा पुढे करत मी म्हणालो, "काकू बोलल्या का आज?"

"बोलली ना," ते डोळे चोळत म्हणाले. "म्हणाली, अहो, इथं तरी जरा झोपा."