मनकर्णानं सोडलेला ताणा

तांडापेठेतल्या कोष्ट्यांच्या गल्लीत मनकर्णाचं तोंड आन मनकर्णाचे बोटं, दोन्ही सगळ्यांले माहीत होते. मागावरचं लुगडं विणून संपलं का जुन्या ताण्याचे, म्हणजे उभ्या सुताचे, शेवटं तसेच मागावर ठेवतात, आन नव्या ताण्याचा एकेक तार त्याले जोडत जातात. ज्याले त्याले एक गाठ. एका लुगड्याच्या पन्ह्यात तार किती, हे मोजाच्या भानगडीत कोष्टी पडत नाही. डोक्यावरचे केस कोणी मोजते का? गाठ मात्र अशी पाहिजे का फणीच्या दातातून निघून जावी आन फणीले पत्ता लागू नये. मनकर्णा चिमटीत राख घ्यायची, दोन तार एकमेकांवर ठेवायची, आन पाहणाऱ्याची पापणी लवली का गाठ बसलेली. तोंड तेवढ्या वेळात शेजारणीच्या सुनेपर्यंत पोहोचलेलं असे.

माहेर तिचं उमरेडचं. परकर सांभाळता येत नव्हता तवापासून बापानं तिले ताण्यापाशी बसवलं. पुढे रुपरावाच्या घरी आली. रुपराव सकाळी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला का दिवेलागणीलेच वर यायचा. बोलणं त्याचं एवढंसं. लोकं म्हणत, रुपराव विणते आन त्याच्या वाट्याचं मनकर्णा बोलते. दोन पोरं तिनं देवीच्या साथीत घालवले. वाचली ती एकटी सुमती. तिले कामठीच्या देवरावाले दिली. देवराव दुसऱ्याच्या पावरलूमवर कामाले होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्यातच मनकर्णा तिले घेऊन आली.

नर्सबाईनं होळीच्या आगेमागे होईल म्हणून सांगितलं होतं. होळी जळाली, राख पण उडून गेली. पाडव्याची गुढी चढली, उतरली. सुमतीचं पोट आपल्या जाग्यावर. पायावर सूज, तोंडाले चव नाही, दुपारी फरशीवर ओलं फडकं टाकून पडून राहायची.

देवराव दर रविवारी सायकल हाणत यायचा. येताना जिलेबी आणायचा, जाताना तोंड पाडून जायचा. गल्लीतल्या बायका नळावर विचारायच्या, "काय वं मनकर्णे, तुही पोरगी हत्तीनीवानी धरून बसली का?"

"हत्तीच होईन मंग," मनकर्णा म्हणायची. "तुह्या दारातून काढीन, दरवाजा रुंद करून ठेव."

सुमती आतून हसायची. म्हणायची, "माय, याले बाहेरच्या उन्हाची खबर लागली असन. म्हनून येत नाई."

पाडव्यानंतर नर्सबाई पुन्हा आली. पोट तपासलं, कपाळाले आठी घातली. "मनकर्णाबाई, तारीख उलटून गेली. हिला मोठ्या दवाखान्यात न्या. आता घरी ठेवू नका."

"तुमची तारीख क्यालेंडरात असते बाई, पोटात नसते. हे सुमतीच पाहा ना. हे पण अशीच उशिरा आली होती. हाय का नाई समोर, धडधाकट?"

हे खोटं नव्हतं. सुमती खरंच उशिरा झाली होती. खोटं असतं तं मनकर्णा कदाचित घाबरली असती, पण खरं होतं म्हणून ती ठाम राहिली. दवाखान्यात पोट फाडतात, ही धास्ती वेगळीच.

नर्सबाई गेल्यावर तिनं जिजाबाईले बोलावलं. अर्ध्या गल्लीची नाळ जिजाबाईनं कापलेली. तिनं तेल लावून पोट चाचपलं, बराच वेळ चाचपलं. मंग घरभर नजर फिरवली.

"पोर तयार हाय. कशानं तरी बांधून धरलं त्याले. घरातलं बांधलेलं सोड, लावलेलं उघड."

गल्लीत ही जुनी रीत होती. बाई अडली का घरातले कुलपं उघडाचे, गाठी सोडाच्या. मनकर्णानं पेटीचं कुलूप काढलं. कोठीचं झाकण काढलं, पिठाचा डबा उघडला. सुमतीची वेणी सोडली, वळणीची दोरी सोडली, पाळण्याच्या दोऱ्या सोडल्या. जुन्या धडप्यांचं बोचकं सोडून चिंध्या पसरल्या. घर चोर येऊन गेल्यावानी दिसाले लागलं.

जिजाबाई मागापाशी उभी होती. "आन हे?"

मागावर नवा ताणा होता, लग्नाच्या लुगड्याचा, रेशमी काठाचा. मनकर्णानं आदल्या दिवशीच जोडून संपवला होता. तार ओवलेल्या दोऱ्यांच्या, म्हणजे ओव्यांच्या, मागे गाठींची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत, जोंधळ्याच्या कण्यांवानी. अजून आडव्या सुताचा एक धोटा फेकला नव्हता.

"एवढा गाठीचा डोंगर उशाशी ठेवून तू पिठाचे डबे उघडून राह्यली का?"

मनकर्णानं कोनाड्यातली कात्री उचलली. जिजाबाईनं हात धरला.

"कापू नको! कापनं म्हनजे तोडनं. सोडाची हाय, तोडाची नाई."

रुपराव दारात उभा होता. "मनकर्णे, डोकं फिरलं का? उद्या माग चालू कराचा हाय. माग माहा हाय."

"गाठी माह्या हायेत," ती म्हणाली, आन मागाच्या मागे जाऊन बसली.

सकाळचं ऊन अंगणात होतं तवा तिनं उजव्या काठापासून सुरू केलं. जोडाले पापणीचा वेळ, सोडाले मात्र जीव जाते. खळ लावलेलं बारीक सूत. नखानं उकलाचं, थुंकी लावाची, पुन्हा उकलाचं. आयुष्यभर गाठ सुटू नये म्हणून ती धडपडली होती. आता तेच बोटं उलटे चालवत होती. तोंड बंद. मनकर्णा काम करून राह्यली आन बोलत नाही, असं गल्लीनं पहिल्यांदाच पाहिलं. दोघीतिघी दारात येऊन उभ्या राहिल्या आन परत गेल्या.

काठाचं रेशीम सुटलं, ती मधल्या सुतावर आली. सुमती भिंतीले टेकून बसली होती. म्हणाली, "माय, हे आज चूप हाय वं."

"झोपलं असन. तू पन झोप."

"रातच्याले लई लाथा मारून राह्यलं होतं. आज एक नाई."

मनकर्णानं मान वर केली नाही. "जिजाबाई, हे काय म्हनते?"

"वाट धरली त्यानं," जिजाबाई म्हणाली. "निंघाच्या आधी पोर चूपच होते. तुहं चालू दे."

रुपराव दुपारी पुन्हा आत आला. सुमतीकडे पाहिलं. असा तो कधी पाहायचा नाही. म्हणाला, "मनकर्णे, रिक्षा आनतो. पोरीले दवाखान्यात नेऊ."

"एवढं होऊ द्या."

"किती राह्यलं?"

"होत आलं."

होत आलं नव्हतं. अर्धा ताणा बाकी होता. रुपराव बाहेर ओट्यावर जाऊन बसला. बायकोच्या शब्दापुढे जायाची त्याले सवय नव्हती.

मनकर्णाच्या नखाखालून रक्त आलं. पांढऱ्या सुताले लाल ठिपके लागले. तिनं बोट लुगड्याले पुसलं आन पुढची गाठ धरली. तिले मनातून वाटून राह्यलं होतं का एकेक गाठ सुटते तसं पोरीच्या पोटात काहीतरी मोकळं होऊन राह्यलं आहे. तिले हे दिसत होतं. समोर भिंतीले टेकलेली सुमती तेवढी दिसत नव्हती.

शेवटची गाठ सुटली तवा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. नवे तार जमिनीवर पडले. घरात गाठ म्हणून राहिली नाही. मनकर्णा उठली, पोरीपाशी आली, पोटावर तळहात ठेवला. या बाजूनं ठेवला, त्या बाजूनं ठेवला. दाबून पाहिलं.

मंग ती वरडली, "रिक्षा आना रे कोनी!"

रुपराव चप्पल न घालताच पळाला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं नळी लावून ऐकलं. पुन्हा लावली. विचारलं, "मूल कधीपासून हलत नाहीये?"

सुमतीले सांगता येईना. मनकर्णा म्हणाली, "उजवा काठ सुटला होता. मी मधल्या सुतावर आली होती तवा."

"म्हणजे कधी, बाई?"

"काठ सुटला होता," मनकर्णा पुन्हा म्हणाली. तिच्यापाशी दुसरं घड्याळ नव्हतं. आन हे घड्याळ चुकणारं नव्हतं.

सुमती वाचली. पोर मेलेलंच निघालं. पोरगा होता. डोकंभर केस, बोटांचे नखं वाढलेले. देवराव कामठीहून आला, त्याच्या हातात पोटली दिली. पुन्हा पुढच्या रविवारी आला, पण जिलेबी आणली नाही.

सुमतीले घरी आणलं तवा घर तसंच होतं. पेटी उघडी, कोठी उघडी, ताणा जमिनीवर. कोणी काही लावलं नव्हतं. लोकांले वाटलं मनकर्णा आता रडन, पडन, जिजाबाईले शिव्या देईन. जिजाबाई तं त्या बाजूनं पाण्याले जाणंच सोडून बसली होती. मनकर्णानं काहीच केलं नाही. चूल पेटवली आन पोरीले पेज दिली.

तिसऱ्या दिवशी सुमतीले दूध आलं. चोळी भिजली. छाती दगडावानी झाली, ताप चढला. दूध जिरवाचं तं छाती आवळून बांधा लागते, हे मनकर्णाले सांगाची गरज नव्हती. चिंध्या अजून खाली पसरलेल्याच होत्या. त्यातलं तिनं लांबरुंद धडपं उचललं. बाळाच्या लंगोटांसाठी ठेवलेलं होतं ते, धुवून धुवून मऊ झालेलं. पोरीच्या पाठीमागून घेतलं, पुढे आणलं, दोन्ही टोकं हातात धरले, आन तिथंच थांबली.

"बांध वं माय," सुमती म्हणाली. "दुखून राह्यलं."

मनकर्णा टोकं धरून तशीच.

"घट्ट बांध. सुटलं नाई पाह्यजे."

गाठ एका दमात बसली. सवयीचे बोटं होते.