साहेबांचं बायकॅच

बादली धुऊन पालथी घातली होती, आणि साहेबांची बोट वळणावर दिसायला लागली होती.

माझं काम मासळी मोजण्याचं. सरदार सरोवराच्या पाण्यावर, मणिबेलीच्या बरंच वर असलेल्या एका पाड्यात, मच्छीमार सोसायटीच्या होड्या सकाळी जाळी काढून येतात. मी ताणकाट्यावर मासळी तोलते आणि फॉर्म भरते. जी धरायला जाळं टाकलं ती मासळी म्हणजे कॅच. तिच्यासोबत जे आपोआप अडकलं ते बायकॅच. समुद्रात ट्रॉलर मोठं जाळं ओढत नेतात. तिथं बायकॅच ढिगानं येतं आणि पुष्कळसं परत पाण्यात फेकतात. आमचा फॉर्म तिकडूनच आलेला. त्यात ‘ट्रॉल किती तास ओढला’ असा रकाना आहे. आमची जाळी पाण्यात नुसती उभी असतात, ओढत कोणी नाही. ‘फेकलेली मासळी’ या रकान्यात मी दर आठवड्याला शून्य लिहायचे.

एक दिवस ऑफिसातून साहेबांचा फोन आला.

“मॅडम, शून्य कसं असेल? धडगावला खोलीवर बसून फॉर्म भरता का?”

“नाही सर. इथं कोणी काही फेकतच नाही.”

“मग लपवतात. कटल्याची पिल्लं मारत असणार. मी गुरुवारी येतो. बायकॅच वेगळं काढून ठेवा. पिल्लं निघाली तर बारीक जाळी बंद.”

कटला हा मोठा होणारा मासा. त्याचं बीज पाण्यात सोडतात, म्हणून पिल्लं धरायला मनाई. पण बारीक भोकांची जाळी बंद म्हणजे पाड्यातल्या अर्ध्या होड्या काठावर.

गुरुवारी सकाळी खिमजीदादांच्या होडीतली किरकोळ मासळी मी बादलीत काढली. झिंगे, खेकडे, वाम, बोटभर मासे. साहेबांसमोरच निवडू, म्हणून फक्त बाजूला ठेवली. बादली दादांच्या बायकोकडे दिली. “सुमलीताई, ही साहेबांसाठी आहे. नीट ठेवा.” आणि मी बाकीच्या होड्यांकडे गेले.

परत येते तर बादली पालथी.

“ताई, मासळी कुठंय?”

त्यांनी चुलीकडे बोट केलं. “साहेबांसाठीच केली ना. मिरची कमी टाकली, ऑफिसातला माणूस.”

तोवर साहेब उतरलेच. बोटीच्या प्रवासानं चेहरा उतरलेला. “बायकॅच दाखवा.”

“सर, आधी जेवून घ्या,” मी म्हणाले. दुसरं सुचलंच नाही.

आम्ही सगळे जेवायला बसलो. मक्याची भाकरी आणि रस्सा. साहेब शिरपूरकडचे, पण ऑफिसात अगदी छापील मराठी. दुसऱ्या वाढणीला ती सुटली आणि गावाकडची बोली आली. “काय रस्सा शे! आखो वाढा, बहीण.”

तिसरी वाढणी संपली. “हां मॅडम. आता आणा बायकॅच.”

मी भाकरीकडे बघितलं. खिमजीदादांनी छपराकडे. सुमलीताई सरळ म्हणाल्या, “तुमच्या पोटात आहे, साहेब.”

साहेब ताटाकडे बघत राहिले. “बठ्ठं मीच खाई टाकं?”

“आम्हीपण खाल्लं,” दादा म्हणाले. “रोज खातो. फेकायचं कशाला?”

माझी नोकरी इथंच संपली, असं मी धरून चालले. साहेब मात्र उठले नाहीत. त्यांनी चष्मा लावला आणि ताटातली डोकी ओळीनं मांडायला घेतली. “लिहा, मॅडम.” स्वतःचं ताट झालं, मग दादांचं, मग माझं, शेवटी हंडी. कटल्याचं डोकं अंगाच्या मानानं भलंमोठं असतं, पिल्लाचंही लपत नाही. तसं एकही निघालं नाही. एक डोकं मांजरानं पळवलं होतं. साहेबांनी तेही ‘अनोळखी’ म्हणून लिहायला लावलं.

बारीक जाळी चालू राहिली. पुढे फॉर्ममध्ये ‘घरी खाल्लेली’ असा नवा रकाना आला. ट्रॉलचा रकाना अजून आहे. त्या दिवसाच्या फॉर्मवर ‘नमुन्याची विल्हेवाट’ यापुढे साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘सेवन केले’. वरून कोणी काही विचारलं नाही.

मी एवढंच शिकले. नमुना आधी तोलावा. तो कोणासाठी आहे, हे नंतर सांगावं.