अर्जातली अडाणी बाई

"बाई, रडता येतं का तुम्हाला?"

वकिलानं हे विचारलं तेव्हा त्याच्या तोंडात खारी होती. मिशीवर चुरा. क्रांती चौकाजवळच्या त्याच्या ऑफिसात मी आणि माझा नवरा त्याच्यासमोर बसलो होतो. कोपऱ्यात टायपिंग करणारी पोरगी खाली मान घालून हसली. मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली.

"म्हंजे?"

"म्हणजे ग्राहक आयोगासमोर. अध्यक्ष बाई आहेत. तुम्ही पुढं बसायचं, डोक्यावर पदर घेऊन. मी किडनीचं काढलं की पदर डोळ्याला लावायचा. बोलायचं काही नाही. बोलायला मी आहे." मग त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आणि ही असली साडी नको. एखादी विटकी नाही का?"

माझ्या अंगावर निळी साडी होती. कडक इस्त्रीची. वकिलाकडं जायचं म्हणून मुद्दाम चांगली नेसलेली. माझ्याआधी नवराच बोलला, "हायेत की साहेब. जुन्या लई हायेत घरी."

मी बस कंडक्टर आहे. भरल्या गाडीत दारापासून शेवटच्या सीटपर्यंत माझा आवाज जातो. बाईच्या अंगाला अंग घासणाऱ्या दारुड्याला मी कॉलर धरून भर रस्त्यात उतरवलेलं आहे. आणि हा मिशीवर चुरा घेऊन बसलेला माणूस मला रडायचं कसं ते शिकवत होता.

पित्त मला या नोकरीनं दिलं. पहाटेची पहिली गाडी, तोंडात नुसता चहा. दुपारचं जेवण कधी तीन वाजता, कधी नाहीच. फेरी कधी कन्नडची, कधी देवगाव रंगारीची, जिथं माझं माहेर. छातीत अशी जळजळ व्हायची की तिकिटाचं मशीन हातात धरवत नव्हतं. मग मी शहरातल्या एका पोटाच्या डॉक्टरकडं गेले. मोठं हॉस्पिटल, काचेचं दार, आत गारवा. त्यानं पोटावर दोन बोटं दाबली आणि गोळी लिहिली. सकाळी उपाशीपोटी एक.

आठवड्यात आग थांबली. खोटं कशाला बोलू? त्या दिवसांत मला तो डॉक्टर लई मोठा वाटला.

त्यानंतर मी दर काही महिन्यांनी जायचे. फी भरायची, नंबर लावायचा, आत जायचं. तो मान वर न करता विचारायचा, "बरं आहे ना?" मी म्हणायचे, "व्हय साहेब." तो म्हणायचा, "मग चालू ठेवा." एवढीच तपासणी. अशी वर्षं गेली. पुंडलिकनगरात आमच्या खोल्यांजवळ एक मेडिकल आहे. तिथला दुकानदार मला बघूनच कात्री उचलायचा. "वोच देऊं ना ताई?" म्हणायचा आणि पट्टीतल्या गोळ्या कापून द्यायचा. खोकं त्याच्याकडं, खोक्यातलं पत्रक त्याच्याकडं. माझ्या हातात नुसत्या गोळ्या.

मग पाय सुजायला लागले. चप्पल चढेना. लघवीला फेस. पायऱ्या चढताना धाप. डेपोतल्या एका मैत्रिणीनं हट्टानं रक्त तपासायला लावलं. रिपोर्टवर किडनीच्या आकड्याखाली लाल रेघ. मी तो कागद घेऊन पळत त्याच डॉक्टरकडं गेले. दुसरं कोण होतं?

त्यानं कागद बघितला. चेहरा जरासा बदलला, तेवढाच. मग खुर्चीत मागं टेकला.

"कंडक्टर ना तुम्ही? पाणी पीत नाही, लघवी धरून ठेवता, आणि मग आमच्याकडं येऊन रडता."

"साहेब, या गोळीनं तर काय झालं नसंल?"

तेव्हा तो हसला. शेजारी एक शिकाऊ डॉक्टर उभा होता. त्याच्याकडं वळून इंग्रजीत म्हणाला की ही माणसं गोळ्या फुटाण्यासारख्या खातात आणि वरून आपल्यालाच प्रश्न विचारतात. शिकाऊ पण हसला. पगार तिथंच होता ना त्याचा.

मी बी.ए. आहे. इंग्रजी माझ्या तोंडातून येत नाही, पण कानाला कळतं. पण त्या दिवशी मी नुसता रिपोर्ट उचलला आणि "येते साहेब" म्हणाले. तेव्हाही साहेब. आता मी त्याला 'तो' म्हणते. वकिलालाही. हे 'तो' म्हणायला मला लई वर्षं लागली.

सरकारी दवाखान्यातल्या किडनीच्या डॉक्टरीणबाईंनी मला नीट बसवलं. सुईनं किडनीचा तुकडा काढून तपासला. सगळी औषधं टेबलावर ठेवायला सांगितली आणि त्यातली ती पट्टी बाजूला सरकवली.

"ही कधीपासून घेताय?"

मी सांगितलं. त्यांनी पट्टी उलटी करून नाव परत वाचलं.

"मध्ये कधी रक्त तपासलं? किडनीसाठी?"

"नाय मॅडम. कुणी सांगितलं नाय."

"ही आजपासून बंद. सगळ्यांना असं होत नाही. पण काही जणांच्या किडनीला या गोळीनं सूज येते. वेळेत लक्षात आलं तर भरून निघतं. तुमचं बरंचसं भरून निघणार नाही."

हे त्यांनी केसपेपरवर लिहून दिलं. दाट शक्यता, असं लिहिलं. मी घरी आले आणि भाकरी करताना तव्याकडं बघत बसले. भाकरी करपली. पोरगी म्हणाली, "आई, धूर." मी तवा खाली उतरवला.

वकील नवऱ्यानं शोधला. नवरा वाळूजला कंपनीत आहे, तिथल्या कुणीतरी नाव दिलं. वकील पहिल्याच भेटीत खूष झाला. परदेशात या गोळीवरून लोकांनी कंपन्यांना कोर्टात खेचलंय म्हणाला. इथं कुणी करत नाही. आपण करू. डॉक्टर आणि कंपनी, दोघांवर. पेपरात फोटो येईल. 'पेपरात' म्हणताना त्यानं केसावरून हात फिरवला. माझ्या किडनीत त्याला स्वतःचा फोटो दिसत होता.

आणि दुसऱ्या भेटीत ते रडण्याचं.

त्या संध्याकाळी घरी आमचं भांडण झालं.

"रड की," नवरा म्हणाला. "काय जातं तुझं? समद्या बाया रडत्यात."

"मला रडू आलं तर मी रडीन. त्याच्या इशाऱ्यावर नाय."

"केस जिंकायचीय का नाय?"

"जिंकायचीय."

"मग तो सांगतो तसं कर ना. तो शिकलेला माणूस हाय."

"आन मी?"

माझा नवरा वाईट माणूस नाही. शिकलेल्या माणसापुढं हात जोडायचं त्याच्या हाडात बसलंय. त्याच्या बापानं जोडले, आज्यानं जोडले. माझ्याही बसलं होतं.

पुढच्या आठवड्यात शपथपत्रावर सही करायला गेलो. वकील फोनवर कुणाशी तरी प्लॉटचं बोलत होता. टायपिंगवाल्या पोरीनं कागद माझ्यासमोर ठेवले, सहीच्या जागी पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या. मी पहिल्या पानापासून वाचायला लागले.

"वाचताय कशाला?" वकील फोनवर हात ठेवून म्हणाला. "फुली आहे तिथं सही करा."

मी वाचत राहिले. दुसऱ्या पानावर होतं ते. 'तक्रारदार ही ग्रामीण भागातील अडाणी व अशिक्षित स्त्री असून तिला लिहिता-वाचता येत नाही.'

ते वाक्य मी परत वाचलं. माझी आई दुसऱ्याच्या शेतात निंदायला जायची. मी बारावीत असताना तिनं माझ्या फीसाठी कानातलं विकलं. मी कॉलेजला जायचे तेव्हा गावातले मोठे लोक पारावरून विचारायचे, "काय, कलेक्टर व्हती का?" ती सगळी वर्षं या माणसानं एका ओळीत पुसून टाकली होती. आणि त्याच्याखाली माझ्याच सहीची फुली.

"साहेब," मी म्हटलं, "अशिक्षित बाई सही कशी करील? अंगठ्याची शाई आणा."

त्यानं फोन ठेवला.

"बाई, समजून घ्या. अडाणी असणं काही गुन्हा नाही. आपल्या केसमध्ये तर तो फायदा आहे. शिकलेली म्हटलं की ते विचारणार, माहितीपत्रक का नाही वाचलं?"

"विचारू द्या."

"काय उत्तर देणार?"

"मला दिलंच नाय, हे. जे खरं हाय ते."

"तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार?" मग त्याचे डोळे बारीक झाले. "देवगावच्या ना तुम्ही? देवगावात कोणत्या बाजूला?"

हा प्रश्न मी शाळेपासून ओळखते. यात दिशा कुणी विचारत नसतं. जात विचारतात. सरळ विचारायची हिंमत नसते, म्हणून घराची बाजू विचारतात.

"तुमच्या मनात आलीय ना, त्याच बाजूला," मी म्हटलं.

"तरीच." तो हसला. "तुमच्या लोकांचं हेच. हात दिला की डोक्यावर बसता."

मी उठायच्या आधी नवरा उठला. या माणसापुढं त्याची मान वर गेलेली मी पहिल्यांदा बघितली. त्यानं टेबलावरून आमची फाइल उचलली, रिपोर्ट, केसपेपर, सगळं.

"चल," मला म्हणाला.

जिन्यात मात्र मी कठडा धरून उतरले. आता वकील नाही. केस कोण चालवणार? नवरा खाली स्कूटरला किक मारत म्हणाला, "तूच बोल. दिवसभर गाडीत बोलतीसच की." आणि आम्ही दोघं भर चौकात येड्यासारखे हसलो.

ग्राहक आयोगात माणूस स्वतः बोलू शकतो. वकील लागतोच असं नाही. हे मला आयोगाच्या खिडकीवरच्या कारकुनानं सांगितलं, आणि लगेच म्हणाला, "पण मावशी, तुम्हाला नाही जमायचं." मी त्याच्यापेक्षा लहान असेन. त्याला 'बरं काका' म्हणाले आणि अर्ज मागितला.

नवीन शपथपत्र मी माझ्या हातानं लिहिलं. डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत, दोन फेऱ्यांच्या मधे. त्यात लिहिलं, मी बी.ए. आहे. मला वाचता येतं. मला वाचायला काही दिलंच नाही. मी प्रत्येक वेळी डॉक्टरांना विचारून गोळी घेतली. त्यांनी प्रत्येक वेळी चालू ठेवा म्हटलं. एकदाही रक्त तपासलं नाही.

तारखा पडत गेल्या. कधी डॉक्टरचा वकील नाही, कधी कंपनीचा. मी रजा टाकून जायचे आणि तारीख घेऊन यायचे. शेवटी एकदा सगळे आले. मी निळी साडी नेसून गेले. पदर खांद्यावर.

डॉक्टरच्या वकिलानं लई गोड सुरुवात केली. "तक्रारदार बाईंविषयी आम्हाला सहानुभूती आहे." मग सहानुभूती संपली. कंडक्टर बायका पाणी पीत नाहीत, तासन्‌तास लघवी धरून ठेवतात, ही सवय किडनीला घातक. यात डॉक्टरांचा काय दोष? शिवाय बाई पदवीधर आहेत. मग इतकी वर्षं गोळी घेताना स्वतः माहिती का काढली नाही? कंपनीचा वकील मुंबईहून आलेला. तो म्हणाला, पत्रकात इशारा छापलेला आहे. आणि केसपेपरवर 'शक्यता' लिहिलंय. शक्यता म्हणजे पुरावा नव्हे.

अध्यक्ष मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला काही सांगायचंय?"

मी उभी राहिले. मग गाडीतला आवाज लागला.

"मॅडम, पाणी मी कमी पिते, खरं हाय. निम्म्या स्टँडांवर बायकांच्या संडासाला दार नाय. दार असलं तर कडी नाय. पण हे डॉक्टरांनी मला कधी विचारलं? मी समोर बसायचे तेव्हा त्यांना माझं काम माहीत होतं. पाणी कमी पिणारी बाई हाय हे माहीत असंल, तर तिचं रक्त आधी तपासायला नको? आन हे वकील म्हणत्यात मी शिकलेली हाय, मग माहिती का नाय काढली. मी माहिती काढायलाच तर जात होते. फी देऊन. त्यांच्याकडं."

मागं कुणीतरी खाकरलं. डॉक्टरच्या वकिलानं कागद चाळायला घेतले.

"आन पत्रकाचं म्हणाल, तर आमच्या दुकानात गोळ्या कापून देत्यात. पत्रक खोक्यात राहतं. कंपनीला हे ठाऊक नाय, असं त्यांनी शपथेवर सांगावं."

कंपनीच्या वकिलानं घड्याळ बघितलं.

बाहेर व्हरांड्यात डॉक्टर स्वतः उभा होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"बाई, कशाला ताणताय?" हळू आवाजात म्हणाला. "डॉक्टरला देव मानता ना तुम्ही लोक?"

"देवाला मी फी देत नाय," मी म्हटलं आणि पुढं निघाले.

निकाल आला. डॉक्टरची चूक धरली. सेवेतली त्रुटी, असा शब्द आहे. तपासणी करायला हवी होती, केली नाही. कंपनीला सोडलं. गोळीनंच झालं हे पुरेसं सिद्ध होत नाही, म्हणे. अर्धा विजय म्हणायचा तर म्हणा. नवऱ्यानं पेढे आणले. मी एक खाल्ला, पोरीनं बाकीचे.

डॉक्टरनं लगेच अपील केलं. त्याच्याकडून एक माणूस घरी येऊन गेला. मिटवून टाका म्हणाला, साहेब आजारपणाचं सगळं बघतील, फक्त साहेबांची चूक नव्हती असं लिहून द्या. मी त्याला पाणी दिलं, चहा दिला नाही. दारापर्यंत सोडायलाही गेले नाही.

किडनी आता किती दिवस चालेल, डॉक्टरीणबाई सांगत नाहीत. पुढं डायलिसिसच्या मशीनवर जावं लागेल, एवढं सांगतात. मला डेपोत बसायचं हलकं काम दिलंय. तिथं माझ्यासारखी जळजळ असलेल्या सहा-सात जणी आहेत. प्रत्येकीच्या पर्समध्ये तशीच कापलेली पट्टी. मी सगळ्यांना सांगते, मनानं बंद करू नका, पण डॉक्टरला विचारा. कशासाठी? किती दिवस? रक्त कधी तपासायचं? तो चिडला तर चिडू द्या. परत विचारा.

कंपनी सुटली त्याच्यावर मी अपील टाकलंय. मुंबईचा वकील परत येईल. परत शक्यता म्हणेल. येऊ दे. मी मशीनवर असले तर दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसाची तारीख मागीन. चालता आलं नाही तर नवरा धरून आणील. पण माझ्या वतीनं दुसरं कुणी बोलणार नाही. आणि मी मिटवणार नाही.