खोकला तेवढा स्वच्छ आला

साहेबांनी बैठकीत खिशातला फोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, आता सगळं याच्यातच आहे. लोक यावर सिनेमे काढून राहिले, आणि आपण अजून ती पेटी खांद्यावर घेऊन फिरतो."

सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

ती पेटी म्हणजे आमचा व्हिडिओ कॅमेरा. आमची संस्था नागपूरला, मिहानच्या बाजूला आहे. बारावीनंतर कामधंदा शिकायला येणाऱ्या मुलामुलींसाठी आम्ही धड्यांच्या चित्रफिती करतो. वेल्डिंग कसं करायचं, शिलाई मशीनची सुई कशी बदलायची, अशा. अकरा वर्षांपूर्वी मी इथे लागले तेव्हा असा कॅमेरा फक्त लग्नात पाहिलेला, तोही दुसऱ्याच्या खांद्यावर. उमरेडच्या शाळेत शिकलेली, घरातली पहिली पदवीधर. या संस्थेने माझ्या हातात कॅमेरा दिला, तो चालवायला शिकवला, माझ्या चुका सोसल्या. म्हणून इथे कोणी काही म्हटलं की माझ्या तोंडून आधी "हो सर" निघतं, विचार मागून सुरू होतो.

त्या दिवशीही तसंच झालं. कॅमेरा, स्टँड, माईक, हेडफोन कपाटात गेले आणि माझ्या हातात संस्थेचा नवा फोन आला.

खोटं कशाला बोलू, फोन वाईट नव्हता. मुलाखती, वर्गातली भाषणं, कार्यक्रम, सगळं त्यावर छान यायचं. पूर्वी स्टँड लावून, दिवे लावून जे काम अर्धा दिवस खायचं, ते तासाभरात व्हायचं. मनीषनगरच्या माझ्या खोलीपासून ऑफिसपर्यंत ती जड बॅग स्कूटीवर पायाशी ठेवून नेणं बंद झालं, याचा तर मला आनंदच होता. कॅमेऱ्याची आता गरज उरली नाही, असं मी स्वतः दोघा-तिघांना सांगितलं होतं.

मग हातमागाचा धडा ठरला. तो माझ्या वडिलांकडे करायचा, असं मीच सुचवलं.

बाबा विणकर. उमरेडच्या घरात पुढच्या खोलीत त्यांचा खड्ड्यातला माग होता. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि पायांनी पावड्या दाबतो, तसा. आमच्या ओळीतला तो शेवटचा चालता माग. बाबांचे गुडघे गेले होते. भाऊ म्हणत होता, आता माग काढू, खड्डा बुजवू, फरशी घालू. बाबाही तयार झाले होते. मागावर एक शेवटचं लुगडं तेवढं दोनेक हात विणायचं राहिलं होतं. मी म्हटलं, मी शूटिंग करेपर्यंत थांबा. बाबा दीड महिना थांबले. रोज मागावरची धूळ झटकायचे, पण आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला हात लावला नाही. माझ्यासाठी विणायला काही शिल्लक राहावं म्हणून.

धड्यात त्यांना एकच गोष्ट हवी होती आणि ती त्यांनी मला फोनवर तीनदा सांगितली. "पोराइले आवाज ऐकव. धागा तुटला का आधी आवाज बदलते, मंग डोयाले दिसते. आवाज नाही समजला तं हात चालवून काही फायदा नाही."

मी साहेबांकडे गेले. या एका कामासाठी कपाटातला कॅमेरा आणि माईक द्या म्हटलं. माझा जुना माईक फोनला लागत नव्हता. साहेब म्हणाले, फोनमध्ये तीन-तीन माईक आहेत, मॅडम, कंपनीवाल्यांना तुमच्यापेक्षा जास्त समजतं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, चेष्टाच होती. मी म्हटलं, हो सर.

शूटिंगच्या दिवशी बाबा दाढी करून, धुतलेला पांढरा सदरा घालून मागावर बसले होते. खोलीला एकच खिडकी. मी फोन लावला आणि त्यांना म्हटलं, एक-दोन-तीन म्हणा. ते म्हणाले. मी परत लावून ऐकलं. आवाज खणखणीत होता. अकरा वर्षं मी माईक असाच तपासत आले आहे. फरक इतकाच की तेव्हा शूटिंग संपेपर्यंत हेडफोन माझ्या कानावर असायचा. आता कान मोकळे होते, आणि मोकळ्या कानांना बाबांचा माग ऐकू येतच होता. पावडीची करकर, धोट्याची सटकन जाणारी धाव, फणीचा ठोका. आत काय चाललंय हे मी फोनला विचारलंच नाही.

एक गोष्ट मान्य करते. फोन मी खड्ड्यात पावड्यांच्या मधोमध उतरवला आणि बाबांचे पाय खालून टिपले. ती पेटी तिथे शिरलीच नसती. संपूर्ण फितीत ते दृश्य सगळ्यात चांगलं आहे.

साडेतीन तास बाबा एक शब्द बोलले नाहीत. एरवी मागावर बसले की त्यांच्या गप्पा थांबत नसत. आईने चहा आणला तर त्यांनी हातानेच बाजूला ठेवायला सांगितला. शेजारची काकू दारात आली, तिने तोंड उघडायच्या आतच त्यांनी तिला हात दाखवला. मागाच्या आवाजावर दुसरा आवाज पडू नये, एवढ्यासाठी.

आणि मग त्यांनी ते केलं, जे मी त्यांना आयुष्यात कधी करताना पाहिलं नव्हतं. ताण्यातला एक उभा धागा त्यांनी स्वतःच्या नखाने तोडला. तुटक्या धाग्यावरून चार वेळा धोटा मारला, म्हणजे पोरांना बदललेला आवाज ऐकू यावा. माझ्याकडे पाहून मान हलवली. मग हात थांबवून गाठ मारली आणि पुन्हा चार वेळा धोटा मारला. मलाही तो फरक कळला. त्या घरात वाढलेल्या कोणालाही कळला असता.

शेवटी लुगडं कापून झालं. बाबा एकदा खोकले आणि म्हणाले, "बाई, झालं का वं?"

चार दिवसांनी भावाने माग सोडवला. खड्डा बुजला, वर फरशी बसली.

ऑफिसात मोठ्या स्पीकरवर फीत लावली तेव्हा मला आधी वाटलं, वायर सैल आहे. बाबांचे हात चालताहेत, धोटा इकडून तिकडे जातो आहे, आणि आवाज नाही. मधूनच गोधडीखालून कोणी ठोकावं तशी धपधप, तीही विरत जाणारी. तुटलेल्या धाग्याचे चार आणि जोडलेल्या धाग्याचे चार, आठही फेरे सारखेच मुके. शेवटी खोकला आला, अगदी स्वच्छ. त्यामागून तितकंच स्वच्छ, "बाई, झालं का वं?"

एडिटिंग करणाऱ्या सहकाऱ्याने फोन हातात घेऊन मला दाखवलं. आत कुठेतरी एक सोय पहिल्यापासून चालू होती. माणसाचा आवाज तेवढा राखायचा, बाकीचा गोंगाट काढून टाकायचा. बाबा बोलले नव्हते, म्हणून राखण्यासारखं काही नव्हतं. माग गोंगाटात गेला. बारकाईने पाहिलं तर चित्रातही फोनने आपली अक्कल चालवली होती. लुगड्याच्या बारीक चौकड्यांवर लाटा उठल्या होत्या आणि बाबांच्या बोटांवरचे घट्टे गुळगुळीत झाले होते. हे त्याला कोणी सांगितलं होतं? जुन्या कॅमेऱ्यातही माझ्या चुका झाल्या. कधी अंधार आला, कधी फोकस गेला. पण त्या माझ्या होत्या, आणि हेडफोनमधून, पडद्यावर त्या तिथल्या तिथे कळायच्या. इथे मला न विचारता ठरवलं गेलं की माझ्या बापाचं काम म्हणजे गोंगाट. आणि त्या बटणाची चौकशी न करणारी मीच.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, विणकाम दिसून राहिलं ना? मग खालून बासरी टाका. मी म्हटलं, सर, आवाज हाच धडा आहे. ते म्हणाले, बघू. मला दुसऱ्या कामावर गोंदियाला पाठवलं, आणि मी गेले.

परतले तोवर फीत संस्थेच्या पानावर चढली होती. मी ती उमरेडला गेल्यावर, बाबांच्या शेजारी बसून, भावाच्या फोनवर पहिल्यांदा पाहिली. फितीत आवाज होता. जोरदार, एकसारखा, खटखट. सहकाऱ्याने इंटरनेटवर मागाचा आवाज म्हणून शोधला आणि जे मिळालं ते लावून दिलं. बाबांनी थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं. मग फोन उचलून कानाला लावला, बोलण्यासाठी लावतात तसा.

"हा तं पावरलूम होय," ते म्हणाले.

आमच्या ओळीतले सगळे हातमाग यंत्रमागाच्या ज्या आवाजाने बंद पाडले, तो आवाज बाबांच्या चालत्या हातांखाली वाजत होता. भाऊ म्हणाला, राहू द्या ना बाबा, कोणाले समजते. बाबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला विचारलं, "तुले बी नाही समजलं काय वं माय?"

हा आवाज लावलेली फीत मी आधी ऐकलीच नव्हती, हे मी त्यांना सांगितलं नाही. ते खरं असलं तरी ती पळवाट झाली असती.

सोमवारी मी साहेबांच्या खोलीत गेले. तो आवाज काढा म्हटलं. ते म्हणाले, अहो, कोणाला कळणार आहे?

"माझ्या बाबांना कळलं," मी म्हटलं. "तो आवाज काढा, सुरुवातीला लिहा की मागाचा आवाज आमच्याकडून नोंदला गेला नाही. नाहीतर माझं आणि बाबांचं नाव काढा. आणि ते पायांचं दृश्यही काढा. ते माझ्या घरातलं आहे."

ते म्हणाले, स्वतःची चूक स्वतःच पाटीवर कोण लिहितं, मॅडम? संस्थेने तुमच्यासाठी इतकं केलं, आणि तुम्ही संस्थेचं नाव खराब करून राहिल्या.

अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या वाक्याला माझ्या तोंडून "हो सर" निघालं नाही. उभी राहिले. संस्थेचं ऋण मी नाकारत नाही, आजही नाही. पण त्या ऋणाच्या बदल्यात बाबांचा माग द्यायला मी तयार नव्हते, हे त्यांना नीट सांगता आलं नाही. मी फक्त उभी राहिले, आणि ते "बरं, काढा तो आवाज" म्हणेपर्यंत हलले नाही.

फीत आता तशीच आहे, मुकी. सुरुवातीला ती ओळ आहे. कपाटाची किल्ली मी लेखी मागून घेतली. मशीनवरच्या, हातकामाच्या धड्यांना मी कॅमेरा आणि हेडफोन नेते, आणि मुलाखतींना फोन. वर्गात ही फीत दाखवताना तुटलेल्या धाग्याशी आलं की मुली विचारतात, मॅडम, इथे काय बदललं? मला सांगता येत नाही. तोंडाने करून दाखवते, ते चुकीचं असतं. बाबांना विचारलं तर ते फरशीवर टाचेने दोन ठोके देतात आणि थांबतात. म्हणतात, फरशीवर नाही येत तो.