कडककाकांची गादी

कडककाका या वयात अंथरूण ओलं करतात, ही बातमी जिन्याने वर गेली आणि गच्चीवरून खाली येईपर्यंत तिला आणखी दोन शेपट्या फुटल्या. पुरावाही होता. त्यांच्या बाल्कनीत रोज सकाळी गादी उन्हात, आणि शेजारी काका मान खाली घालून. तळमजल्यावरच्या रेडिओमावशींना एवढं भांडवल पुरलं.

खरं सांगून टाकलेलं बरं, नाहीतर बिचाऱ्यांची अब्रूही गादीबरोबर वाळत पडायची. गादी भिजवायच्या त्या बाईसाहेब, म्हणजे काकांची मांजर.

कोपऱ्यावरची लाँड्री काकांची. त्यांनी खळ घातलेली कॉलर लावली की माणसाला मागे वळून बघायचं तर सगळंच वळावं लागतं, म्हणून हे नाव. बाईसाहेब आल्या त्या मळक्या चादरींच्या गाठोड्यातून. गाठोडंवाला म्हणाला, "मांजर आमची नव्हे." काका म्हणाले, "मग राहू दे, चादरी तेवढ्या न्या." लाड वगैरे त्यांनी कधी केले नाहीत. पण घरी इस्त्री करताना ती टेबलाखाली नसली, तर काकांच्या हातून पँटला दोन दोन घड्या पडायच्या.

आणि आता हीच बया वाळूचा ट्रे सोडून गादीवर!

काकूंनी शेवटचं सांगितलं, "अहो, लेक बाळाला घेऊन येतेय. बाळ याच गादीवर झोपणार. तोवर हिला वळण लागलं तर ठीक, नाहीतर माझा भाऊ हिला गोदामात नेणार. तिथे उंदीर झालेत."

"अगं, ही झुरळालासुद्धा वाट देते!"

"मग तिथे शिकेल."

मांजरीला स्वच्छता लागते, हे काकांना ठाऊक होतं. म्हणजे ट्रे धुण्यात आपणच कमी पडतोय, असं त्यांनी ठरवलं आणि कंबर कसली. ब्लीच ओतून ट्रे घासला. वरून गिऱ्हाइकांच्या चादरींना लावायचं फुलांच्या वासाचं पाणी. मग नवी वाळू, आणि ती फळीने दाबून अशी सपाट केली की तिच्यावर सुरकुती सापडू नये. बाईसाहेब आल्या, नाक मुरडलं, पंजा झटकला आणि तडक गादीकडे निघाल्या. काकांनी दुसऱ्या दिवशी ब्लीच वाढवलं.

शेवटी टोपलीत घालून तिला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं, लघवी पाहिली. "आजार काही नाही. ट्रे कशाने धुता, काका?"

काकांनी छाती फुगवून सगळं सांगितलं. फुलांची बाटलीही पुढे केली. बाईंनी हुंगली आणि फटाफट तीन शिंका दिल्या.

"काका, मला हे होतंय, तर तिचं काय होत असेल? साधा साबण, गरम पाणी, बस. घाण रोज उचला. पण तिचा थोडासा वास राहू द्या. जागा आपली आहे, हे तिला कळायला नको का?"

"म्हणजे अर्धवट धुवायचं?"

"हो."

एवढ्या वर्षांत काकांनी अर्धवट असं काही धुतलं नव्हतं. त्या संध्याकाळी ट्रे विसळताना त्यांचा हात दोनदा ब्लीचकडे गेला. काकूंनी बाटली उचलून कपाटात ठेवली. गादीचा मात्र वास म्हणून ठेवला नाही, तिथे काकांनी सगळी विद्या ओतली. मग ते इस्त्रीच्या टेबलाआड श्वास रोखून बसले. बाईसाहेब आल्या. हुंगलं. एक फेरी, दुसरी फेरी. वाळू उकरल्याचा खरखर आवाज आला, आणि काकांनी असा सुस्कारा सोडला की काकू आतून विचारत्या झाल्या, "बसली का?"

"बसली!"

लेक आली. बाळ कोरड्या गादीवर झोपलं, बाईसाहेब टेबलाखाली. लेकीचे गोदामवाले मामा मांजर न्यायला टोपली घेऊन आले आणि जेवून रिकाम्या टोपलीने परतले.

बाल्कनी मोकळी दिसल्यावर रेडिओमावशींना काही राहवलं नाही. जिन्यात काकांना गाठून म्हणाल्या, "काय हो भावजी, गादी दिसत नाही हल्ली? औषध लागू पडलेलं दिसतंय!"

काका एक पायरी खाली उतरले, मग थांबले.

"पडलं ना, वहिनी. ज्याची जागा त्याला नीट दिली की कुणी भलतीकडे घाण करत नाही. तुम्हालाही एक ट्रे पाठवून देतो, बातम्यांसाठी."