तीनच मॅडम

चौथा आकडा दिसला की तीनच मॅडम चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि मग तोंड उघडत. "अहो, हा प्रोग्राम आहे की कार्यालयातली पंगत? किती जणांना बसवताय?" हडपसरच्या आमच्या लहानशा कंपनीत रुग्णाला हळूहळू औषध सोडणारे पंप बनतात. त्यांचे प्रोग्राम मॅडम लिहीत. 'तीनच मॅडम' हे नाव आम्ही पाठीमागे ठेवलेलं. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं, असा मला दाट संशय आहे.

आमची ती जुनी भाषा मोठी विचित्र. तिच्यात आकडे ताटांच्या चळतीसारखे एकावर एक ठेवायचे. प्रत्येक छोट्या प्रोग्रामने वरून हवे तेवढे उचलायचे आणि उत्तर पुन्हा वर ठेवायचं. कुठला आकडा कशाचा, हे केवळ क्रमावरून ओळखायचं. म्हणून एका प्रोग्रामला तीनच आकडे, हा मॅडमचा दंडक. जास्त लागले तर कामाचे तुकडे करा. आणि आत काय येतं, बाहेर काय जातं, हे सगळ्यात आधी वर लिहा. मी एकदा खूप उलथापालथ करून पाच आकडे बसवले आणि कौतुकाची वाट पाहत राहिले. "हुशार आहेस," त्या म्हणाल्या. "आता हुशारी काढ आणि पुन्हा लिही." तेव्हा मी जाम चिडले होते. आता हाताखालच्या पोरांना मी तेच सुनावते.

गेल्या वर्षी मॅडम विसरायला लागल्या. डबा बसमध्ये राही, एकच प्रश्न दोनदा येई. वय झालं, म्हणून आम्ही हसण्यावारी नेलं. मग एका दुपारी चाचणीत पंपाने समोरचं भांडं बघता बघता भरून टाकलं. औषध किती आणि किती वेळात, या दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती. प्रोग्राम मॅडमचाच होता.

"राहू द्या हो," साहेब म्हणाले, "पंप बाहेर कुठे गेलाय? गुपचूप दुरुस्त करा."

मॅडम उभ्या राहिल्या. "आज भांडं होतं, उद्या माणूस असेल. माझं काम तपासल्याशिवाय कुणी घेऊ नका." त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. कुणी किती विनवलं तरी ऐकलं नाही.

परवा बिबवेवाडीला त्यांच्या घरी गेले. त्यांनी मला ओळखलं नाही.

"कुठे असता आपण?"

"हडपसरला. पंपांच्या कंपनीत."

त्या एकदम पुढे सरकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तिथे एक बाई आहेत. स्वभावाने चांगल्या आहेत हो, पण त्यांचं काम तपासून घेत जा. लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे."

"तपासते," मी म्हटलं.