मग कधी येणार?

मी तशी तोंडाची फटकळ. नाशिकच्या एका डायलिसिस सेंटरच्या काउंटरवर वीस वर्षं काढली. तिथे नुसतं गोड बोलून निभाव लागत नाही. रुग्णांचे मेसेज बघायला एआय बसवायचं ठरलं आणि सॉफ्टवेअरवाली म्हणाली, “ताई, वर्णनं तुम्ही लिहा, इथलं काम तुम्हालाच माहीत,” तेव्हा मी म्हटलं, आण इकडे.

तिने सांगितलं ते सोपं होतं. त्या एआयच्या हातात काही बटणं असतात. एकाने पुढची तारीख कळते, एकाने एक दिवस वगळता येतो, एकाने नाव यादीतून निघतं. बटण आतून काय करतं ते त्याला दिसत नाही. शेजारी आपण जे लिहू तेवढंच तो वाचतो आणि कुठलं दाबायचं ते ठरवतो.

“सविस्तर लिहा हं,” ती म्हणाली. “अगं, पुराण लावायचंय का?” म्हणत मी प्रत्येकाला एकेक ओळ लिहिली. ‘नाव काढा: रुग्ण येणार नसेल तर वापरा.’ कसं सुटसुटीत! मी स्वतःवरच खूश.

आमच्याकडे पेठ तालुक्यातले एक बाबा यायचे. सोमवार आणि गुरुवार, पहिल्या एसटीने, सकाळच्या पाळीची ठरलेली खुर्ची. एका रविवारी त्यांनी फोनवर बोलून मेसेज टाकला, “ताई, उद्या येत नाय. भाऊ वारला.” एआयने माझी ओळ वाचली आणि नाव काढलं. “नोंद केली आहे, काळजी घ्या,” असं उत्तरही दिलं. त्यांची खुर्ची वाट बघणाऱ्या दुसऱ्या रुग्णाला गेली.

गुरुवारी बाबा आले ते बायकोच्या खांद्यावर हात टाकून. पाय सुजलेले, दोन शब्द बोलले की धाप. आठवडाभर डायलिसिस नाही. मी यादी बघितली, तर नावच नाही, आणि खुर्चीवर दुसरंच कुणी सुया लावून बसलेलं. हा माणूस आता गेला तर माझ्या एका ओळीने जाईल, एवढंच डोक्यात होतं. डॉक्टरांनी राखीव मशीन सुरू करायला लावलं तेव्हा कुठे मी खाली टेकले.

पहिला राग अर्थातच त्या एआयवर. “अक्कल नाही मेल्याला!” म्हणून सॉफ्टवेअरवालीला फोनवर झापलं. ती शांतपणे म्हणाली, “ताई, तुम्ही लिहिलं तेच केलं त्याने.” कपाळ माझं!

तासाभराने बाबांची धाप कमी झाली. मी स्टूल ओढून शेजारी बसले. “बाबा, चूक माझी आहे हो.”

ते म्हणाले, “तसं नाय ताई. पन येत नाय म्हनलं की तुमी लगेच इचारता, मग कधी येनार? ह्या फोननं इचारलंच नाय.”

बोंबला! वीस वर्षं मी रोज हेच विचारत होते. इतकं अंगवळणी पडलं होतं, की हेही एक काम आहे हे विसरूनच गेले होते. काउंटरवर आलेल्या प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. एआयला नाही, कारण तो म्हणे हुशार.

तिथेच बसून पुन्हा लिहिलं. ‘हे नाव कायमचं काढतं आणि खुर्ची लगेच दुसऱ्याला जाते. एका दिवसाच्या सुट्टीला हे वापरू नका. त्यासाठी “एक दिवस वगळा” आहे. रुग्ण “येत नाही” म्हणाला, तर आधी विचारा, मग कधी येणार? उत्तर आलं नाही तर काउंटरला कळवा, स्वतः ठरवू नका.’ झालं लांबलचक, होऊ दे. आज सेंटरची सगळी वर्णनं मीच लिहिते, आणि एकही ओळ कुणाला कमी करू देत नाही.

नव्या रुग्णाला दुपारची पाळी चालली, म्हणून बाबांना त्यांची खुर्ची परत मिळाली. दोन महिन्यांनी एका रविवारी स्क्रीनवर पुन्हा त्यांचा मेसेज दिसला. “ताई, उद्या येत नाय. नातीचं लगीन.”

मी हातातलं काम सोडून बघत राहिले. एआयचं लगेच उत्तर गेलं, “बाबा, मग कधी येणार?”

“मंगळवारी येतो, ताई. इचारलं, बरं झालं.”

त्यांना वाटलं, मीच विचारतेय. आणि खरं सांगू? मीच विचारत होते.